सकाळचा पाव तास

(दौंड मुक्कामी भरलेल्या वार्षिक ज्ञातिमेळाव्यात शिरूर व दौंड तालुक्यांतील सभासद-कुटुंबांपुढे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आज आम्हांस ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे, तो वरवर पाहता लहान आहे. आपल्या तरुण मंडळींनी अशी सूचना मांडली आहे की, संघाच्या वतीने रोज सकाळी पाव तासाचा एक श्राव्य कार्यक्रम तयार करावा आणि तो भ्रमणध्वनीवरून घरोघर पोहोचवावा. त्यात एखाददुसरे गीत असावे, कोणा पाहुण्याशी थोडे संभाषण असावे, आणि शेवटी दिवसाच्या वाटचालीस उपयोगी पडेल असा एखादा विचार असावा. सूचनेस मंडळात विरोध असा कोणी केला नाही. वाद निघाला तो एकाच प्रश्नावर : हा कार्यक्रम कोणासाठी? काही सभासदांचे म्हणणे असे की, संघाच्या पैशाने होणारे काम संघाच्या कुटुंबांपुरतेच असावे. पाहुणे ज्ञातीतले, गाणारे ज्ञातीतले, आणि अखेरीस उपवर मुलामुलींची माहिती. आमचे मत याहून निराळे आहे. ते आपल्यापुढे ठेवण्यापूर्वी ही वस्तू मुळात काय आहे आणि ती आपल्या घरांत कोठून आली, हे थोडे पाहिले पाहिजे.

सकाळच्या प्रहरी गाणे, पाहुणा आणि उपदेश ही तिन्ही एकत्र आणण्याची युक्ती नभोवाणीने शोधून काढली असा कोणाचा समज असेल, तर तो खरा नव्हे. आमच्या भागात ती युक्ती डोक्यावर मोरपिसांची टोपी घालून, चिपळ्या वाजवीत, पायी येत असे. वासुदेव दारात उभा राहिला की पाहुणा तोच, गाणारा तोच आणि नामस्मरणाचे दोन शब्द सांगणाराही तोच. शिवाय मागल्या गावात काय चालले आहे याची वार्ता त्याच्याजवळ असे, ती वेगळीच. कार्तिक महिन्यात देवळात काकडआरती चाले. तुकोबारायांची पालखी आषाढीस जाताना यवत आणि वरवंड येथे मुक्काम करते, त्या रात्रीनंतरची पहाट ज्यांनी अनुभवली आहे त्यांस सकाळचे गाणे म्हणजे काय हे आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. आणि जात्यावर बसलेली बाई तर गाता गाताच चिंतन करीत असे. माहेर, पंढरी, सासुरवास, भाऊ, सारे त्या ओवीत दळले जाई. पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या मावळापासून आरंभ करून गी पॉइटवाँ, हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, तेव्हा पुष्कळांस प्रथमच कळले की आपल्या आजीने केवढे वाङ्मय पिठाबरोबर सांडले होते. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती थांबली. जाती थांबली तशी ओवीही थांबली. पहाटेच्या त्या रित्या झालेल्या जागेत नभोवाणी येऊन बसली.

मुंबईचे केंद्र १९२७ सालचे. पुणे केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९५३ रोजी, गांधीजयंतीस. तेव्हापासून आपल्या दोन्ही तालुक्यांस जवळचा असा एक आवाज मिळाला. दौंडहून सोलापूर रस्त्याने पुण्यास जाणाऱ्यास हडपसरला 'आकाशवाणी' नावाचा बसथांबा लागतो. ते नाव प्रवाशांच्या तोंडी इतके बसले आहे की तेथे उतरणाऱ्या कित्येकांच्या मनात रेडिओचा विचारही येत नसेल. त्या काळी रेडिओ घरात ठेवावयाचा तर टपाल कचेरीतून वार्षिक परवाना काढावा लागे, आणि ज्या घरी तो असे त्या घराच्या ओट्यावर शेजारच्या चार घरांची माणसे बसत. ऐकणारांमध्ये कोण कोणत्या ज्ञातीचा आहे याची चौकशी ओट्यावर होत असेल-नसेल. पेटीतून बोलणारा ती करीत नसे.

आमच्या दोन आत्यांची हकीकत येथे सांगितली पाहिजे, कारण या दोन तालुक्यांचे नाते तिच्यात आहे. थोरली घोडनदीस, म्हणजे शिरूरला, किराणा दुकानदाराच्या घरी दिलेली. धाकटी दौंडला रेल्वेच्या चाळीत. मध्ये भीमा. आता न्हावऱ्यावरून चौफुल्यास येणाऱ्या रस्त्याने मोटार भराभर येते-जाते. त्या वेळी, म्हणजे १९६५च्या आगेमागे, दोघी बहिणींची वर्षातून दोनदा गाठ पडली तरी फार झाले. शिरूरचे माणूस नगर रस्त्याने पुण्यास जाणार, दौंडचे आगगाडीने पुण्यास जाणार. आपले दोन तालुके एकमेकांस भेटत ते बहुधा पुण्यातच. परंतु दोघींच्याही घरी रेडिओ होता, आणि दोघी सकाळचे चिंतन नेमाने ऐकत. पुढे पोस्टकार्डांतून त्यावर वाद घालीत. कोणा वक्त्याने एकदा क्रोध आवरण्याचे उपाय सांगितले होते. थोरलीने लिहिले की, सांगणारे गृहस्थ ओल्या लाकडाच्या चुलीपुढे कधी बसलेले दिसत नाहीत. धाकटीने उलट टपाली कळविले की, तिच्या खिडकीखाली रात्रभर इंजिनांचे शंटिंग चालू असते, तिला तो उपाय उपयोगी पडला. वक्त्यास उगाच दोष देऊ नये. ही कार्डे नेऊन टाकण्याचे काम आमच्याकडे असे, त्यामुळे ती वाचण्याचा हक्क आम्ही आपल्याकडे घेतला होता.

एका वर्षी धाकटीच्या घरी दुःखाचा प्रसंग आला. तिचे यजमान अकस्मात गेले. थोरलीच्या घरी मुलीचे अवघड बाळंतपण. तिला महिनाभर घराबाहेर पाऊल टाकता येईना. तिने कार्ड पाठविले. त्यात सांत्वनाचे शब्द फारसे नव्हते. सकाळी चिंतनाच्या वेळी रेडिओ लावीत जा, मीही त्याच वेळी लावीन, एवढेच लिहिले होते. महिनाभर दोघी बहिणी भीमेच्या दोन तीरांवर एकाच घटकेस एकच आवाज ऐकत बसल्या. त्या महिन्यात आकाशवाणीवर कोण काय बोलले हे दोघींपैकी एकीसही पुढे आठवत नव्हते, असे त्याच सांगत.

सभासद बंधुभगिनींनो, सकाळच्या कार्यक्रमाचे मर्म आम्हांस या कार्डात सापडते. विचार कितपत थोर होता हा प्रश्न नंतरचा. आपल्याप्रमाणेच दुसरे कोणी या क्षणी हेच ऐकत आहे, ही जाणीव माणसास अंथरुणातून उठविते.

आता त्या कार्यक्रमाच्या अंगोपांगांकडे वळू. केंद्र उघडताना जी सूचक धून वाजते ती आपण सर्वांनी ऐकली आहे; शिवरंजनी रागाची छाया असलेली, तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिनचे ते मोजके स्वर. तिच्या रचनेचे श्रेय वॉल्टर कॉफमन या संगीतकारास दिले जाते. हे गृहस्थ मध्य युरोपातील ज्यू. १९३४ साली ते मुंबईस आले. स्वदेशात ज्यूंवर संकट कोसळत होते त्या काळात त्यांनी हिंदुस्थानात आश्रय घेतला आणि मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे काम पाहिले. त्यानंतर 'वंदे मातरम्', आणि त्यामागून मंगलध्वनी म्हणून सनई. ती पुष्कळदा उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची असे. म्हणजे पहा, ज्या सकाळला आपण आपली मराठी, आपली सोवळी सकाळ समजत आलो, तिचे दार उघडणारा एक परदेशी निर्वासित, आणि चौघडा वाजविणारा काशीचा मुसलमान कलावंत. देवघरात बसलेल्या आमच्या आजीने त्या सनईवर कधी आक्षेप घेतल्याचे आम्हांस स्मरत नाही. उलट, सनई संपण्यापूर्वी निरांजन लावून व्हावे यासाठी तिची घाई चाले.

मग भक्तिगीते, मग 'चिंतन'. आकाशवाणीच्या मराठी केंद्रांवर या नावाने सकाळचा एक अल्पसा कार्यक्रम अनेक वर्षे चालत आला आहे. त्यात प्राध्यापक बोलत, कीर्तनकार बोलत, डॉक्टर बोलत, शाळामास्तर बोलत. वेळ इतका अपुरा की प्रस्तावनेस जागाच नाही. सभेत जो वक्ता तासभर बोलून काही सांगत नाही, त्यास या मापात बसविले म्हणजे त्याची परीक्षा होते. (आजच्या वक्त्याविषयी आपण काय म्हणाल याची आम्हांस कल्पना आहे.) आमच्या ऐकण्यात जी चिंतने टिकून राहिली ती सारी एखाद्या हाताशी असलेल्या गोष्टीपासून आरंभ होणारी : रांगेत उभा असलेला माणूस, उसनी नेलेली वाटी, परत आलेले पत्र. 'जीवन ही एक यात्रा आहे' अशा वाक्याने ज्यांचा आरंभ झाला त्यांच्या वेळी आमच्या घरी चहा गाळला जाई. विविधभारती ही सेवा ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. तिच्यावर सकाळी लागणाऱ्या 'त्रिवेणी' या कार्यक्रमाने हेच काम निराळ्या रीतीने केले. एक विषय घ्यावयाचा, त्यावर थोडे बोलावयाचे, आणि त्याच अर्थाची तीन चित्रपटगीते त्यात ओवावयाची. चित्रपटगीत म्हणजे थिल्लर, असे मानणाऱ्या आमच्या वडिलांच्या पिढीसही त्या पाव तासापुरता आपला निकाल फिरवावा लागला.

परंतु सकाळच्या पाव तासाचा खरा पराक्रम पाहावयाचा तर 'गीतरामायणा'कडेच पाहिले पाहिजे. पुणे केंद्रावरील कार्यक्रम-अधिकारी सीताकांत लाड यांनी कल्पना काढली. लोकांस रमवील आणि त्याबरोबर चार चांगले संस्कारही करील असा काही उपक्रम त्यांस हवा होता. ग. दि. माडगूळकरांनी गीते लिहिली, सुधीर फडके यांनी त्यांस चाली दिल्या. १ एप्रिल १९५५, रामनवमी, वार शुक्रवार, या दिवशी सकाळी पहिले गीत प्रसारित झाले. आणि मग दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊ ते नऊ या वेळेत एकेक गीत, असा क्रम चालला. त्याच आठवड्यात तेच गीत पुन्हाही ऐकवीत. योजना वर्षभराची, म्हणजे बावन्न आठवड्यांची होती. पण त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, आणि पुढच्या रामनवमीपर्यंत, म्हणजे १९५६च्या एप्रिलपर्यंत, गीतांची संख्या छप्पन्न झाली. पाव तासाची छप्पन्न आवर्तने म्हणजे बरोबर चौदा तास होतात. रामाचा चौदा वर्षांचा वनवास आणि हा चौदा तासांचा पाठ, असा मेळ आमच्या एका गणितप्रेमी स्नेह्याने घातला होता. त्यात तथ्य किती हे ज्याने त्याने ठरवावे.

वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा, राम फाटक, ललिता फडके अशा अनेकांनी त्यांत आपला आवाज दिला. लोक रेडिओस हार घालीत, उदबत्ती लावीत, स्नान करून ऐकावयास बसत, अशा हकिगती सर्वत्र सांगितल्या जातात, आणि आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनीही त्या आम्हांस सांगितल्या. पहिल्याच गीताचा कागद ऐन वेळी हरवला आणि कवीस खोलीत बसवून ते पुन्हा लिहून घ्यावे लागले, अशीही एक आठवण प्रसिद्ध आहे. आम्ही ती सांगतो ती गंमत म्हणून नव्हे. दर शुक्रवारी पावणेनऊचा टोला पडणार, त्यापूर्वी गीत लिहिले गेलेच पाहिजे, त्यास चाल लागलीच पाहिजे, गायकाने ते बसविलेच पाहिजे, छप्पन्न आठवडे. आपल्या तरुण मंडळींनी 'रोज सकाळी' हे शब्द सूचनेत सहज लिहिले आहेत. त्या शब्दांचे वजन किती आहे हे त्यांनी एकदा हातात घेऊन पाहावे, एवढीच आमची विनंती.

याच पुणे केंद्रावर १९५५ पासून व्यंकटेश माडगूळकर ग्रामीण कार्यक्रमांचे काम पाहत होते. १९५६ साली तेथून युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग झाला. पुणे, नगर, नाशिक, सातारा आणि कोल्हापूर या भागांतील सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्धा तास शेतीचा वा गावकीचा कार्यक्रम लागे, गावकरी एकत्र बसून तो ऐकत, ऐकून झाल्यावर चर्चा करीत, आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात येत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची तपासणी केली, आणि पुढे देशभर अशी मंडळे काढण्यात आली. हा प्रयोग संध्याकाळचा असला तरी आम्ही तो येथे आणला याचे कारण, त्यात ऐकणारास उलट बोलण्याची सोय होती. आमच्या आत्यांस ती नव्हती, म्हणून त्या एकमेकींस कार्डे लिहीत.

आज काय स्थिती आहे? रोज सकाळी प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर उगवत्या सूर्याची आणि गुलाबाची चित्रे येऊन पडतात, त्यांवर सुविचार असतो, आणि त्या सुविचाराखाली ज्याचे नाव असते त्याने तो उच्चारलेला असतोच असे नाही. पाठविणारा तो वाचीत नाही, घेणारा तो उघडीत नाही. तरीही आम्ही या चित्रांची थट्टा करणार नाही. ज्या घरी मुले परदेशी किंवा पुण्यास आहेत आणि मागे एकटे माणूस उरले आहे, तेथे आलेले चित्र म्हणजे पाठविणारा हयात आहे याची खूण असते. परंतु खूण आणि सोबत यांत अंतर आहे. सोबतीस आवाज लागतो, आणि तो ठरल्या वेळी यावा लागतो.

आकाशवाणी संपली असेही कोणी समजू नये. २०२३ च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला होता. सकाळच्या प्रादेशिक बातम्या पुण्याहून लागणार नाहीत असे कळताच असा गलबला उठला की तो निर्णय स्थगित करावा लागला. ज्या पिढीने सुधा नरवणे यांच्या आवाजात सकाळच्या बातम्या ऐकल्या, ती त्या वेळी जागी झाली असावी. हल्ली तर भ्रमणध्वनीवरील उपयोजनेतूनही पुणे केंद्र जगात कोठेही ऐकता येते. तेव्हा आपला पाव तास आकाशवाणीस पर्याय म्हणून योजू नये; तिच्या शेजारी बसावयाचा आहे एवढे ध्यानात असू द्यावे.

काही तरुणांनी आपले स्वतःचे केंद्र काढण्याचीही गोष्ट काढली होती. त्याविषयी थोडक्यात सांगतो. सामुदायिक नभोवाणीचे धोरण २००२ साली शिक्षणसंस्थांसाठी आले आणि २००६ साली नफा न कमावणाऱ्या सामाजिक संस्थांसही परवाना मिळू लागला. एकट्या व्यक्तीस किंवा राजकीय पक्षास तो मिळत नाही. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने व्हावे लागतात. आवाका काही मैलांचाच असतो. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे 'माण देशी तरंग वाहिनी' २००८ पासून स्त्रियांच्या पुढाकाराने चालली. तेलंगणात झहीराबादेजवळ दलित शेतकरी स्त्रियांनी त्याच वर्षी 'संघम रेडिओ' सुरू केला. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रानेही आपली वाहिनी काढली. ही उदाहरणे मोठी आहेत. परंतु एका मनोऱ्यातून शिरूर आणि दौंड ही दोन्ही गावे झाकली जाणार नाहीत. भीमेची अडचण पुन्हा तेथेच आली. शिवाय त्या साऱ्या वाहिन्या आपल्या टापूतील सर्वांच्या आहेत. एका ज्ञातीचे केंद्र ही कल्पनाच त्या धोरणात बसणारी नाही. तेव्हा भ्रमणध्वनीचा मार्ग बरा, आणि त्यास तसला परवाना लागत नाही.

आता मुख्य प्रश्न. कार्यक्रम ज्ञातीपुरता असावा काय?

आमचे उत्तर नाही, असे आहे. आणि ते आम्ही ज्ञातीच्या व्यासपीठावरून, ज्ञातीवरील प्रेमाने देत आहोत. संघाने वसतिगृहास मदत केली, होतकरू मुलांस शिष्यवृत्त्या दिल्या, अडल्या-नडल्यांस हात दिला. त्या कामांस सीमा असणे योग्यच होते, कारण पैसा मोजका होता. आवाज वाटल्याने कमी होत नाही. आमच्या दौंडच्या आत्याकडे चिंतन ऐकावयास शेजारची पॉइंटमनची बायको येत असे. ती कोणत्या ज्ञातीची हे आम्हांस आजही ठाऊक नाही. आत्याच्या त्या कठीण महिन्यात ती रोज सकाळी येऊन उंबऱ्याशी बसे आणि कार्यक्रम संपला की न बोलता उठून जाई. 'सभासदांपुरता' असा नियम आपण केला, तर पहिली बाहेर राहील ती हीच. शिवाय व्यवहाराचेही पाहावे. आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांस आपल्याच गुणांविषयी रोज सकाळी सांगावयाचे, हा कार्यक्रम ऐकणार कोण? पंधरा दिवसांनी संपादक मंडळाचे घरचेही ऐकणार नाहीत. वधूवर-सूचनेसाठी या स्मरणिकेची पाने आहेत, ती आहेत तेथेच शोभतात.

पाहुण्यांची वाण या भागात कधीच पडावयाची नाही. दौंड जंक्शनवर आयुष्य घालवून निवृत्त झालेला गार्ड आहे. मनमाडकडे जाणारा फाटा आणि सोलापूरकडे जाणारी मुख्य वाट यांमधली रात्र कशी असते हे त्याच्याखेरीज कोण सांगणार? पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली काढलेल्या विज्ञान आश्रमात हाताने काम करून शिकलेले तरुण आहेत. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या स्त्रिया आहेत. रांजणगावच्या कारखान्यात रात्रपाळी करणारी मुलगी आहे, आणि बिबट्याच्या भीतीने हातात विजेरी व काठी घेऊन रात्री उसाला पाणी देणारा शिरूरचा शेतकरी आहे. या मंडळींस उपदेश करावयास सांगू नये. त्यांच्या कामातली एक अडचण आणि ती कशी निभावली, एवढेच विचारावे. चिंतन त्यातच आले.

गीतांविषयी एक सावधगिरीची सूचना. ध्वनिमुद्रित गीते उचलून आपल्या कार्यक्रमात घालू नयेत. कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे राहतो, आणि कवीच्या रचनेचा हक्क त्याच्या निधनानंतर साठ वर्षे. माडगूळकर १९७७ साली गेले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. संतांचे अभंग मात्र सर्वांचे आहेत, आणि ओवीही सर्वांची. तेव्हा आपल्या भजनी मंडळांनी गावे, आणि ज्या वृद्ध भगिनींस अजून जात्यावरच्या ओव्या येतात त्यांनी गावे. अशा किती उरल्या आहेत? आमच्या माहितीत दोन्ही तालुके मिळून मोजक्याच आहेत, आणि त्यांपैकी एकीची प्रकृती बरी नसते. हे काम मंडळाच्या पुढील बैठकीपर्यंत थांबू शकत नाही, असे आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो. बाकीचे सारे थांबू शकते.

वेळेचा प्रश्न राहिला. कुरकुंभच्या कारखान्यातून रात्रपाळी करून येणाऱ्याची सकाळ आठला संपते, पुण्यास नोकरीवर जाणाऱ्याची पहाटेच्या गाडीत सुरू होते. तरीही वेळ एकच ठरवावी. आम्ही सकाळी साडेसहा सुचवितो. ज्यांस तेव्हा जमत नसेल त्यांच्यासाठी संध्याकाळी पुन्हा पाठवावा. आरंभी रोजचा हट्ट धरू नये. दर शुक्रवारी एक, असा एक वर्षाचा नेम करावा, आणि तो पार पडला तर पुढचे पाहावे. ऐकणारांनी उत्तर द्यावे. आवाजात द्यावे किंवा पोस्टकार्डावर, आणि निवडक उत्तरे पुढच्या शुक्रवारी ऐकवावी.

चिटणीसांनी आपल्या घरची माजघराची खोली ध्वनिमुद्रणासाठी देऊ केली आहे. खोलीस एकच खिडकी आहे आणि ती लोहमार्गाच्या बाजूस नाही, हे तिचे मोठे भाग्य. पंखा मात्र बंद ठेवावा लागेल. चैत्र-वैशाखात येणाऱ्या पाहुण्यांस याची पूर्वकल्पना द्यावी. ज्यांच्या घरी ओव्या गाणाऱ्या वडील स्त्रिया असतील त्यांनी आज जेवणाच्या पंगती उठण्यापूर्वी आपले नाव आणि गाव आमच्याजवळ द्यावे. वही आम्ही बरोबर आणली आहे.